भोगणाऱ्याचं नाव

रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमच्या आळीच्या मागे एक विहीर होती. दगडी बांधणीची, कठड्यावर दोरानं पडलेले खोल चरे. गुरांना आणि केळीच्या आळ्यांना तिचं पाणी चालायचं, पिण्यासाठी मात्र कुणी भरत नसे. दिवेलागण झाली की त्या वाटेला कुणाचं पाऊल पडत नसे. आजी बजावायची, "बाय, तिन्हीसांजेचं तिकडं जायाचं नाय, तिथं बाई आहे." बाई आहे म्हणजे काय, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. कोकणातल्या पोरांना ते न सांगता कळतं.

मी कॉलेजात असताना एका दुपारी आत्या ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिला सहज विचारलं, "आत्या, त्या विहिरीतली बाई तू कधी पाहिलीस?" तिनं हातातलं बिरडं ताटलीत टाकलं आणि म्हणाली, "पाहिलंय की. जिवंत असताना. पलीकडच्या घरची सून होती ती." मग हळूहळू सगळं निघालं. दोन भावांत जमिनीवरून वाद. मोठ्यानं धाकट्याला फसवलेलं. धाकट्याचा राग मोठ्यापर्यंत कधी पोचलाच नाही, तो रोज रात्री बायकोवर निघायचा. एका पहाटे ती घरात नव्हती. आत्याला त्या दोन्ही भावांची नावं आठवत होती. शेत कुठलं, किती गुंठे, बांध कुणी सरकवला, तलाठ्याकडे कोण गेलं, सगळं आठवत होतं. मी विचारलं, "आणि तिचं नाव?" आत्याचे हात थांबले. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. नाव आलं नाही.

हे पुस्तक हातात घेणाऱ्याला मी आरंभीच ही हकीकत सांगते आहे, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं तिच्यात आहे.

गेली तीन वर्षं कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवरची आम्ही काही माणसं महिन्यातल्या एका रविवारी एका घराच्या पडवीत जमत होतो. धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे, एक परिचारिका, एक वकील, पेणहून येणारं एक जोडपं, शिकणारी तीन-चार मुलं आणि मी, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. विषय एकच धरला होता. माणसाच्या मनात जे काळं उठतं, त्याचं आपल्या साहित्यात काय झालं? हाव, वासना, द्वेष, सूड, क्रौर्य. त्याची फळं कोणती दाखवली आणि ती कुणाच्या पदरात पडली? त्या बैठकांतून हे लेख तयार झाले. प्रस्तावना लिहिण्याचं काम वयानं माझ्याकडे आलं.

आधी शब्दाबद्दल. मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे, 'विकार'. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे विकार. आणि दवाखान्याच्या पाटीवर असतो तोही विकारच, हृदयविकार, मनोविकार. आपल्या भाषेनं पाप आणि रोग एकाच शब्दात ठेवले, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' 1883 साली मराठीत आणलं, तेव्हा त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. राजपुत्राचं नाव नाही, राज्याचं नाही, विकारांच्या खेळाचं नाव. एका भावानं भावाला मारलं, गादी घेतली, वहिनीशी लग्न केलं. पुढे सूड, संशय, वेडाचं सोंग. या सगळ्यात ज्या मुलीनं काहीच केलं नव्हतं ती ऑफेलिया आधी खरी वेडी होते आणि मग पाण्यात बुडून जाते. ते नाटक वाचताना मला दर वेळी आमच्या आळीमागची विहीर दिसते.

विकारांची मोजदाद आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा मोठा भाग आमच्या जिल्ह्याशी बांधलेला आहे. महाड तालुक्यातली शिवथरघळ. दासबोधाचं लेखन तिथे झालं असं परंपरा मानते. त्यातल्या दुसऱ्या दशकाचा सहावा समास तमोगुणाच्या लक्षणांचा आहे. समर्थांनी तिथे तत्त्वज्ञान सांगितलेलं नाही, घरात घडतं ते एकामागून एक मांडलं आहे. अंगात राग भरला की आई-बाप ओळखू न येणं, भाऊ, बहीण, बायको यांच्यावर हात टाकणं. राग बाहेरच्या कुणावरचा का असेना, मार मात्र हाताशी असलेल्यांना बसतो, हे त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी नेमकं पाहिलं होतं. आत्यानं सांगितलेल्या हकीकतीत याहून वेगळं काय आहे?

दुसरं नाव विनोबांचं. त्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 11 सप्टेंबर 1895. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली ते दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. 'गीता प्रवचने' घराघरांत पोचलं ते त्यामुळे. गीतेचा सोळावा अध्याय दैवी आणि आसुरी वृत्तींचा आहे. काम, क्रोध आणि लोभ यांना तिथे नरकाची दारं म्हटलं आहे, आणि विनोबांनी ती लढाई प्रत्येकाच्या आत चाललेली म्हणून समजावून दिली. त्यांची श्रद्धा नुसती बोलण्यापुरती नव्हती. 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका आणून ठेवल्या.

या परंपरेपुढे मी मान लववते. तरी एक गोष्ट मनात राहते. संतांची सगळी काळजी करणाऱ्यासाठी आहे. त्याचा क्रोध कसा जाईल, त्याचा लोभ कसा सुटेल, तो कसा तरेल. ज्या बायकोवर त्यानं हात टाकला ती त्या ओवीतून पुढे कुठे गेली, हे तिथे येत नाही. त्या ग्रंथांचं ते काम नव्हतंच. पण मग ते काम कुणीतरी करायला हवं होतं, आणि मराठीत ते कथा, कादंबरी आणि नाटक यांनी केलं. कधी पुरतं केलं, कधी अर्धंच.

आपण लहानपणापासून एक म्हण ऐकतो, करावं तसं भरावं. पेरावं तसं उगवतं. मुलांना वळण लावायला ती ठीक आहे. साहित्य मात्र ती खरी ठरवत नाही. चांगलं साहित्य उघडून पाहा, करतो एक आणि भरतो दुसरा. बहुतेक वेळा भरणारा असतो घरातला सगळ्यांत दुबळा माणूस. सून, लहान मूल, म्हातारी आई, कूळ, गडी. आमच्या बैठकांत पहिल्या वर्षभरातच हे इतक्या वेळा समोर आलं, की पुढे प्रत्येक पुस्तक वाचताना आम्ही तोच प्रश्न धरून बसलो. यात भोगलं कुणी? आणि लेखकानं त्याला नाव दिलं का?

महाभारतातला अश्वत्थामा घ्या. त्याच्या कपाळावरची जखम भरत नाही आणि तो तेल मागत फिरतो, हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत माहीत आहे. नर्मदेच्या परिक्रमेला गेलेली माणसं तो भेटल्याच्या गोष्टी सांगतात. दुर्गाबाई भागवतांनी 'व्यासपर्वा'त त्याच्यावर लिहिलं. सूडानं पेटून रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारणारा माणूस, आणि त्याला मिळालेलं न संपणारं आयुष्य. शिक्षा म्हणून ही कल्पना भयंकर सुंदर आहे. पण त्या रात्री त्यानं द्रौपदीची पाच मुलं मारली. त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? पडवीत मी हे विचारलं तेव्हा तिथे जमलेल्यांपैकी एकालाही सगळी सांगता आली नाहीत, मलासुद्धा नाही. प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. व्यासांनी नावं दिली होती. विसरलो ते आपण. मारणाऱ्याची जखम आपल्या लक्षात राहिली.

कोकणातल्या भुतांबद्दल इथे थोडं थांबायला हवं. या पुस्तकातले दोन लेख नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर आहेत आणि त्यांची मुळं या मातीत आहेत. आमच्याकडे भुतांची यादी मोठी. मुंज होऊन लगेच गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो. बाळंतपणात गेलेली हडळ होते. जीव अडकून गेलेला समंध. पुरलेल्या धनावर बसलेला नाग. ही यादी शांतपणे वाचली की ध्यानात येतं की यातले निम्म्याहून जास्त जीव अन्याय भोगलेले आहेत. बाळंतिणीला वेळेवर मदत मिळाली नाही. सुनेला जगू दिलं नाही. आणि मेल्यावर आपण त्यांनाच भीतीचं कारण करून टाकलं. विहिरीत जीव दिलेल्या बाईची आम्हाला भीती घातली गेली. तिच्या नवऱ्याचं भूत कधी झालं नाही. तो म्हातारा होऊन अंथरुणात गेला, त्याचं तेरावं झालं, गावजेवण झालं.

गुप्तधनाची गोष्टही नुसती गोष्ट राहत नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या, त्यामागे पुरलेलं धन हाती लागावं आणि मूल व्हावं हीच हाव होती. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात यायला पुढे चार दशकं लागली. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. म्हणून कुणी भुताच्या गोष्टीला निव्वळ करमणूक म्हटलं की मी अस्वस्थ होते. तिच्या तळाशी कुणाचा तरी खरा मृत्यू असतो.

रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. राखणदार देव. त्यांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना असते आणि दसऱ्याच्या सुमारास अवघं गाव रस्त्यावर येतं. अष्टमीतून पूल ओलांडून आम्हीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो. राखणदाराची कल्पना अशी की गावावर येणारं संकट त्यानं वेशीवर अडवायचं. आपल्या साहित्यानं जे संकट दाखवलं ते मात्र वेशीवरून येतच नाही. ते माजघरात आधीपासून बसलेलं असतं, कपाळाला गंध लावून, जानव्याला हात लावून, घरच्या भल्याच्या गोष्टी बोलत.

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'तला कांचनभट तसाच आहे. 1899 साली किर्लोस्कर मंडळीनं ते नाटक रंगभूमीवर आणलं. गरीब भिक्षुक, लग्नाची मुलगी, आणि पैशाच्या थैल्या घेऊन आलेला म्हातारा भुजंगनाथ. कांचनभटाला आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नाही. मुलगी मोठ्या घरी पडेल, दागदागिने घालेल, यात बिघडलं काय? देवलांचं मोठेपण या ठिकाणी आहे, की त्यांनी बापाला राक्षस केलं नाही. राक्षस केला असता तर प्रेक्षक घरी जाऊन सुखानं झोपला असता, आपण तसे नाही म्हणून. आणि दुसरं मोठेपण, नाटकाला नाव दिलं शारदेचं. पुढे 1929 साली बालविवाह रोखणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या आडनावामुळे 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला. मराठी माणूस बोलताना सहज 'शारदा कायदा' म्हणू लागला. निव्वळ योगायोग, पण लोकांच्या तोंडी त्या मुलीचं नाव राहिलं याचा मला आनंद आहे.

हरिभाऊ आपट्यांनी त्याच्याही आधी आणखी धाडसाचं पाऊल टाकलं होतं. 'करमणूक' पत्र 1890 मध्ये निघालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमाक्रमानं येऊ लागली. ही गोष्ट यमू स्वतः सांगते. शंकरमामंजींसारखा माणूस, ज्याला घरातल्या बायकांना धाकात ठेवण्यातच सुख आहे, तो आपल्याला दिसतो तिच्या डोळ्यांनी, दाराआडून, खालच्या मानेनं. नवरा गेल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं तेव्हा आपण न्हाव्याच्या बाजूला उभे नसतो, आपलंच डोकं खाली दाबलेलं असतं. भोगणाऱ्याच्या हातात कथा देणं हे मराठीत इतक्या लवकर घडलं, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगला नाही.

'एकच प्याला'बद्दल मला अवघड बोलायचं आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले आणि त्यानंतर गंधर्व मंडळीनं ते नाटक केलं. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. हुशार वकील सुधाकर, एका अपमानानं दारूला लागलेला. श्रीमंताघरची सिंधू दुसऱ्यांचं दळण दळून संसार चालवते. शेवटी नशेत त्याच्या हातून तान्हं मूल जातं, तीही जखमी होते, आणि पोलीस येतात तेव्हा मरता मरता ती त्याला वाचवायला खोटं सांगते. शाळेत हा शेवट मी कितीतरी वर्षं शिकवला. त्यागाची परिसीमा वगैरे फळ्यावर लिहून दिलं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तिनं खरं का नाही सांगितलं? तिचं तर सगळंच गेलं होतं." वर्गात शांतता झाली. मी काहीतरी उत्तर दिलं, ते मला आज आठवत नाही. प्रश्न आठवतो. त्या मुलीचे वडील पितात हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

गडकऱ्यांची प्रतिभा मी कमी लेखत नाही. व्यसनाचं इतकं खरं चित्र मराठी रंगभूमीवर त्याआधी नव्हतं. पण सिंधूचं शेवटचं बोलणंसुद्धा नवऱ्याच्या कामी खर्च होतं, आणि आपण शंभर वर्षं त्याला टाळ्या दिल्या. भोगणाऱ्याला नाव मिळालं, तिचं म्हणणं मात्र मिळालं नाही. हा फरक ध्यानात घेऊन ते नाटक वाचायला हवं.

हाव घराच्या बाहेर पडून गावावर पसरते तेव्हा काय होतं, हे पाहायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. हा मुलूख खोतीचा. सरकारचा सारा गोळा करून देणारा खोत कुळांचा धनी होऊन बसायचा, पिकातला वाटा घ्यायचा, वेठीला माणसं धरायचा. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं 1933 पासून जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि सुमारे सहा वर्षं ते पाळलं. स्वतःच्या हातांनी कसलेली खाचरं ओसाड पडलेली पाहायची आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढायचे. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला तो 1949 साली.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी 1987 ची, दोन खंडांची. जगबुडी नदीच्या काठावर खोत घराण्याच्या पिढ्या उभ्या राहतात, माजतात, मोडतात. आजची मुलं 'तुंबाड' म्हटलं की 2018 चा चित्रपट सांगतात. त्यात पेंडशांकडून फक्त नाव आलं आणि बीज आलं ते धारपांच्या कथेतून. हाव बापाकडून मुलाकडे कशी जाते, हे मात्र दोन्हीकडे दिसतं. पेंडशांनी बाप ते नातू असा वाहत जाणारा दोष दाखवला, आणि तोही त्या माणसांवर जीव लावून. वाचताना आपणही त्या माजोर माणसांच्या प्रेमात पडतो. तरी मला राहून राहून वाटतं, खोतांच्या वाड्यातला दिवा इतका मोठा आहे की कुळांची घरं कथेच्या कडेला अंधारात राहून जातात. आमच्यातल्या एकानं, ज्याचे आजोबा चरीच्या संपात होते, यावर लेख लिहिला आहे. तो रागानं लिहिलेला आहे. मी त्यातला एकही शब्द कमी करायला सांगितलं नाही.

मग विजय तेंडुलकर. 'गिधाडे' 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. बापानं आपल्या भावाला लुबाडून कमावलं. आता मुलगे बापाला बदडून पैसा काढतात, बहिणीला छळतात, तिच्या पोटातलं मूल लाथेनं पाडतात. मधे रमा, थोरल्या भावाची बायको, तुळशीपुढे उभी राहणारी. आक्षेप अनेक आले, पण एक कायमचा लक्षात राहतो. बहिणीच्या साडीवरचा लाल डाग दाखवायचा नाही, असं सांगितलं गेलं. नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना आधी जाहीर केलं की तो लाल समजावा. मला त्या घटनेत आपला अख्खा समाज दिसतो. लाथ मारणं सोसवतं, लाथेनं काय झालं ते कापडावर दिसलं की सोसवत नाही. तेंडुलकरांवर बीभत्सपणाचा आरोप करणाऱ्यांनी हे एकदा स्वतःशी तपासून पाहावं. विकाराचं वर्णन आपल्याकडे पूर्वीपासून होतं. फळ त्यांनी उजेडात ठेवलं.

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' आणि जयवंत दळवींचं 'पुरुष' यांवर स्वतंत्र लेख आहेत, तेव्हा मी त्यांच्यात शिरत नाही. खांडेकरांच्या 'ययाती'बद्दल एवढंच. ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली जाते. वासनेपायी म्हातारपण ओढवून घेणारा बाप मुलाचं तारुण्य मागतो. पुरू ते देतो. ज्या मुलानं तारुण्य दिलं त्याला मात्र बोलायला स्वतःचं प्रकरण नाही.

जी. ए. कुलकर्णींनी आमच्या सगळ्या मांडणीला धक्का दिला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'काजळमाया' वाचताना प्रश्नच बदलतो. तिथे माणसं भोगतात आणि करणारा शोधून सापडत नाही. एखादा क्षुद्र निर्णय, एखादं चुकलेलं वळण, आणि पुढे न संपणारं दुःख. जीएंच्या जगात न्याय मागायला दारच नाही. यावर दोन बैठका झाल्या आणि एकमत झालं नाही. ज्या मुलीनं लेख लिहिला तिनंही शेवट उघडा ठेवला आहे. तो तसाच बरा.

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा उल्लेख टाळता येत नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून, कला महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी केलेले. 1983 साली चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यातल्या मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. माझ्या पिढीनं ते चोरून वाचलं. पश्चात्ताप खरा असेलही, मी त्यावर बोलणार नाही. पण विचार करा, त्या प्रकरणातलं आपल्या कपाटात काय आहे? मारणाऱ्याचं आत्मचरित्र. गेलेल्यांचं काय राहिलं? त्या प्रकरणाला चिकटलेली दोन आडनावं.

म्हणून या पुस्तकाचा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो भोगणाऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांवर आहे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 ला पुस्तकरूपानं आलं. त्यांनी ते वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं होतं. त्यात गावानं वस्तीवर केलेला जुलूम आहे, आणि वस्तीतल्या पुरुषांनी आपल्याच सुनांवर केलेला जुलूमही आहे. सासरहून पळणाऱ्या पोरीच्या पायात लाकडाचा खोडा घालत, संशयानं नाक कापत. स्वतःच्या समाजाला उघडं पाडल्याचा दोष कुणी देईल याची पर्वा न करता त्यांनी ते लिहिलं. ज्याला वरून मार बसतो तो तो मार खाली पोचवतो, आणि सगळ्यांत खाली असते एक कोवळी मुलगी. तमोगुणाच्या समासात जे करणाऱ्याच्या बाजूनं मांडलं होतं, ते तीन शतकांनी खालच्या टोकावरून लिहून आलं. हे ज्या जिल्ह्यात बसून आम्ही वाचलं, तिथे महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला लोकांनी पाण्याला हात लावला होता आणि त्यासाठी मार खाल्ला होता.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे नाही. वाचकानं कुठूनही सुरुवात करावी. शिमग्यातल्या बोंबेवरचा छोटा लेख, वर्षातून एकदा गावानं मनातलं घाण बोलून टाकण्याची ती जुनी सोय, आधी वाचलात तरी चालेल. लिहिणारे कसलेले समीक्षक नाहीत. कुठे पुनरुक्ती आहे, कुठे लेखणी घसरली आहे. ती मी फार दुरुस्त केली नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकानं पाळली. पुस्तकातल्या भोगणाऱ्या माणसाला जर लेखकानं नाव दिलं असेल, तर लेखात ते नाव आलंच पाहिजे. 'पत्नी', 'सून', 'एक मूल' म्हणून पुढे जायचं नाही.

आमची विहीर बुजवली. तिथे आता दुमजली इमारत आहे आणि खाली किराण्याचं दुकान. आत्या गेली. मागच्या पावसाळ्यात आळीतल्या ऐंशी ओलांडलेल्या दोघींकडे जाऊन मी पुन्हा विचारून आले. एकीला ती गोरी होती एवढं आठवलं. दुसरीला तिच्या लुगड्याचा रंग आठवला, हिरवा. नाव कुणालाच सांगता आलं नाही. तुमच्या गावात, तुमच्या घरच्या बोलण्यात अशी एखादी 'बाई' असेल, तर ज्यांना तिचं नाव माहीत आहे ती माणसं आहेत तोवर जाऊन विचारा, आणि लिहून ठेवा.

अष्टमी, ता. रोहा
कार्तिक शुद्ध अष्टमी